बांधावरच्या जुन्या गावठी बोरीला डोळा भरता येतो का? बोरं किडतायत, मदत हवी

नमस्कार. औसा तालुक्यात आमची कोरडवाहू जमीन आहे. बांधावर सासऱ्यांच्या वडिलांच्या काळातली गावठी बोर आहे. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, त्या दुष्काळातही ती तगली. फळ लहान, बी मोठी, पण तिचा आंबटगोडपणा ॲपल बोराला नाही. सासूबाई बोरकूट हिच्याच बोरांचं करतात. संक्रांतीचं सुगड, लेकरांचं बोरन्हाण, सगळं हिच्यावरच.

आता निम्मी बोरं किडकी निघतात. वरून चांगलं दिसतं, फोडलं की बीभोवती तपकिरी गाळ अन् पांढरी अळी. दिवाळीच्या सुमारास बारक्या फळांवर पांढरी भुकटी येते आणि ती गळतात. घरचे म्हणतात तोडा, ॲपल बोर लावू. मला झाड ठेवायचंय. औषध काय? आणि याच खोडावर मोठ्या फळाच्या जातीचा डोळा, म्हणजे सालीसकट काढलेली कळी, बसवून बांधता येईल का?

प्रतिसाद:
ताई, तोडू नका. इतकी खोल मुळं नव्या रोपाला यायला किती वर्षं लागतील! अळी फळमाशीची आहे. फळ वाटाण्याएवढं असताना माशी आत अंडी घालते. अळी मोठी झाली की फळातून निघून मातीत कोष करते. म्हणून नुसत्या फवाऱ्यानं भागत नाही. गळालेली बोरं रोज वेचून नष्ट करा, झाडाखाली तशीच कुजू देऊ नका. उन्हाळ्यात खोडाभोवतीची माती खणून उन्हात तापू द्या, कोष उघडे पडून मरतात. पांढरी भुकटी म्हणजे भुरी, हा बुरशीचा रोग. ती दिसू लागताच पाण्यात मिसळणारं गंधक फवारा, भर उन्हात मात्र नको. मात्रा डब्यावर असते.

डोळा नक्की भरता येतो. उन्हाळ्यात पानं झडली की फांद्या बुंध्याजवळ कापा. फुटव्यांतले जोमदार तेवढे राखा. पावसाळ्याच्या सुरुवातीला ते पेन्सिलीएवढे झाले की उमराण किंवा मेहरूण या बोराच्या जातीचा डोळा भरा. डोळ्याखालून येणारी गावठी फूट खुडत राहा, नाहीतर ती डोळ्याला मागं टाकते. पुढं छाटणी दरवर्षी उन्हाळ्यात करा, बोर नव्या फुटीवरच धरते.

मूळ प्रश्नकर्ती:
खूप आभार दादा. सगळंच कापलं तर यंदाच्या बोरन्हाणाला बोरं कुठून आणू? आणि सासूबाईंची चवही जाईल.

प्रतिसाद:
सगळं कापूच नका. एक मोठी फांदी गावठीच ठेवा, तिच्यावर डोळा नको. तिची बोरं पिवळी पडून लाल छटा आली की तोडा, फार पिकू देऊ नका. बोरकुटासाठी वाळवण्याआधी प्रत्येक फळ चिरून बघा. डोळकाड्या, म्हणजे डोळे काढायच्या फांद्या, ओळखीच्या रोपवाटिकेतून, फळ चाखलेल्या झाडाच्याच घ्या आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याच दिवशी भरा.