मदत हवी आहे: २०१६ चा पीसी, मराठी स्ट्रीम आणि ३५ हजारांचं बजेट. आधी प्रोसेसर की ग्राफिक्स कार्ड?

नमस्कार मंडळी,

माझा पीसी २०१६ च्या अखेरीस असेंबल केलेला आहे. नुसतं खेळण्यापुरता तो आजही पुरतो. यूट्यूबवर व्हॅलोरंट या शूटिंग गेमचं लाईव्ह स्ट्रीम सुरू केल्यापासून मात्र त्याला धाप लागते. बजेट ३५ हजार, फार ताणलं तर ४०. दुकानदार एक सांगतो, मित्र दुसरंच सांगतो आणि माझा अंदाज तिसरीकडे जातोय, म्हणून जाणकारांना विचारतोय.

मशीन असं आहे: इंटेल कोअर आय५-६५००, एच११० चा मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर४ रॅमची एकच स्टिक, जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी, २४० जीबीची एसएसडी, १ टीबी हार्डडिस्क आणि कॅबिनेटसोबत आलेला ४५० वॉटचा लोकल एसएमपीएस (पॉवर सप्लाय). विंडोज १०. मॉनिटर १०८०पी, ७५ हर्ट्झ. फायबरचं नेट आहे, अपलोड ५० एमबीपीएस मिळतो, त्याबद्दल तक्रार नाही.

त्रास काय होतो ते नीट सांगतो. एकटा गेम चालू असताना एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम्स) शंभराच्या वर राहतो. ओबीएस (स्ट्रीम करायचं सॉफ्टवेअर), डिस्कॉर्ड (टीमशी बोलायचं ॲप) आणि चॅटसाठी क्रोम उघडलं की दोन्ही टीमची गाठ पडते त्या क्षणी एफपीएस साठच्याही खाली येतो आणि माऊस जड वाटतो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू १०० टक्के, जीपीयू मात्र ६० च्या आसपास. एन्कोडर (स्ट्रीमचा व्हिडिओ दाबून छोटा करणारा) कार्डातला एनव्हेंकच ठेवलाय, म्हणजे स्ट्रीमचा भार कार्डावर आहे.

मी दोन गोष्टी करून पाहिल्या. गेमचं रेझोल्यूशन ९०० पी केलं. एफपीएस जिथल्या तिथे. मग स्ट्रीम १०८०पी वरून ७२०पी ला आणलं. तरी गेममधले झटके तसेच. ओबीएसच्या स्टॅट्समध्ये नेटवर्कमुळे पडलेल्या फ्रेम्स शून्य, एन्कोडिंग लॅग जवळपास शून्य, रेंडरिंग लॅग फक्त गर्दीच्या राउंडला वाढतो. यावरून मला वाटतं की अडचण प्रोसेसरची आहे.

दुकानदार म्हणतो, कार्ड जुनं झालंय, आरएक्स ६५०० एक्सटी टाका. मित्र म्हणतो, सेकंड हँड आय७-७७०० घे, बायोस अपडेट करून याच बोर्डावर बसतो, थ्रेड (प्रोसेसर एका वेळी हाताळतो ती कामं) चारचे आठ होतात. मला वाटतं बोर्डासकट सगळंच बदलावं. पण मग कार्डाला पैसे उरत नाहीत, आणि याच जुन्या कार्डावर स्ट्रीम कसं दिसेल याची धास्ती आहे.

थोडं स्ट्रीमबद्दल, कारण निर्णय त्यावर अवलंबून आहे. मी राउंड संपला की तो का गेला, स्मोक कुठे पडायला हवा होता, कुणी कुठला कोपरा धरायला हवा होता, हे मराठीत समजावून सांगतो. बघणारी बरीच मुलं तालुक्याच्या गावांतली आहेत. हिंदी किंवा इंग्रजी स्ट्रीमच्या चॅटमध्ये ती गप्प असतात, इथे मोकळेपणाने विचारतात. त्यांना मिनिमॅप आणि स्क्रीनवरची अक्षरं मोबाईलवर स्पष्ट दिसायला हवीत, एवढीच माझी चित्राबद्दलची अट. माझं खेळणं अडखळलं की बोलणंही अडखळतं आणि शिकवण्यातला सगळा जीव जातो. हे मला मनापासून नीट करायचंय.

प्रतिसाद १

तुमचं निदान बरोबर आहे. रेझोल्यूशन उतरवूनही एफपीएस वाढत नसेल तर कार्डाला काम कमी पडतंय आणि प्रोसेसर पुरा पडत नाहीये. व्हॅलोरंट मुळातच प्रोसेसरवर चालणारा गेम आहे. रेंडरिंग लॅग एरवी जीपीयू भरल्यावर येतो, पण तुमचं कार्ड ६० टक्क्यांवर असताना तो येतोय, म्हणजे ओबीएसलाच सीपीयूचा वेळ मिळत नाहीये. चार थ्रेडमध्ये गेम, व्हॅनगार्ड (व्हॅलोरंटचं चीटिंग रोखणारं सॉफ्टवेअर), ओबीएस, डिस्कॉर्ड आणि क्रोम मावत नाहीत.

आरएक्स ६५०० एक्सटी कृपया घेऊ नका. स्ट्रीम करणाऱ्याने टाळावं असंच ते कार्ड आहे: त्यात हार्डवेअर एन्कोडरच नाही. म्हणजे आज जो भार एनव्हेंक उचलतंय तो तुमच्या दमलेल्या प्रोसेसरवर येऊन पडेल. शिवाय ते पीसीआयई ४.० (कार्ड आणि बोर्ड यांतला डेटाचा मार्ग) च्या चारच लेन वापरतं. तुमचा बोर्ड ३.० चा, तिथे त्याची बँडविड्थ निम्मी होते.

आय७-७७०० ने आज फरक पडेल, हे मान्य. पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलची सहावी-सातवी पिढी नाही. पळवाटेने ११ टाकता येतं, पण त्यावर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनच्या सुरक्षेच्या सोयी लागतात. थकलेल्या बोर्डावर त्या खटपटीत पैसे घालू नयेत.

माझा सल्ला: आय५-१२४००, आणि तोही शेवटी 'एफ' नसलेला. सहा कोअर, बारा थ्रेड. 'एफ' वाल्यात अंगचं ग्राफिक्स नसतं, साध्यात यूएचडी ७३० असतं आणि त्यासोबत क्विक सिंक एन्कोडर मिळतो. ओबीएस तो वापरू शकतं. एच.२६४ मध्ये १०५० टीआयच्या एनव्हेंकपेक्षा त्याचं चित्र बरं येतं, म्हणजे जुन्या कार्डाची धास्तीही मिटते. उद्या कार्ड गेलंच तरी पीसी बंद पडत नाही. बरेच जण रायझन ५ ५६०० सुचवतील. प्रोसेसर उत्तम आहे, पण त्यात अंगचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे तुमच्या गरजेला मी इंटेलकडे झुकेन.

बोर्ड एच६१० किंवा बी६६०, पण डीडीआर४ वालाच. हेच बोर्ड डीडीआर५ मध्येही येतात, खोक्यावर नीट वाचून घ्या. रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून फार चढलेत, त्यामुळे जुनी ८ जीबी स्टिक टिकवणं शहाणपणाचं. जोडीला ८ जीबी ३२०० ची घ्या. सध्या दोन्ही जुनीच्या वेगाने चालतील, पण ड्युअल चॅनल आणि १६ जीबी मिळतील.

आणि एसएमपीएस. यात काटकसर नको. ५५० वॉटचा ८० प्लस ब्रॉन्झ घ्या. नव्या बोर्डाला सीपीयूसाठी आठ पिनांची जोडणी असते, तुमच्या लोकलमध्ये बहुधा चारच असतील. शिवाय लाईट वरखाली होते तिथे लोकल एसएमपीएस जाताना सोबत बोर्डही नेतो.

खरेदी होईपर्यंत एवढं करा: गेमचा एफपीएस ७५ ला लॉक करा, चॅट मोबाईलवर वाचा, क्रोम बंद ठेवा, ओबीएस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत, थोडी भर. एनव्हिडियाने पास्कल (१०५० टीआयची पिढी) कार्डांचे गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले, पुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे अपडेट आहेत. म्हणजे १०५० टीआय लगेच निकामी होत नाही, पण वर्ष-दीड वर्षात कार्डासाठी पैसे बाजूला ठेवा. तेव्हा एनव्हिडियाच्या आरटीएक्स मालिकेतलंच घ्या. सेकंड हँड जीटीएक्स १६५० दिसलं तर सावध: साध्या १६५० मध्ये एनव्हेंक जुन्याच पिढीचं आहे, सुपर आणि १६६० मध्ये ट्युरिंग या पुढच्या पिढीचं सुधारलेलं आहे. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं मॉडेल ७० वॉटचं आहे, बहुतेक कार्डांना वेगळी पॉवर केबल लागत नाही. आणि तुमचं स्ट्रीम बोलण्यावर उभं आहे, तर एनव्हिडिया ब्रॉडकास्ट (माइकमधला गोंगाट काढणारं ॲप) कामी येईल. त्यालाही आरटीएक्सच लागतं. तोवर पंख्याचा आवाज घालवायला ओबीएसमधला आरएनएननॉइझ फिल्टर लावा.

चित्राचं म्हणाल तर ७२०पी, ६० एफपीएस, ६००० केबीपीएस. मोबाईलवर बघणाऱ्यांना अशक्त १०८०पी पेक्षा हे स्वच्छ दिसतं.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. एफपीएस लॉक करून आणि चॅट मोबाईलवर घेऊन काल स्ट्रीम केलं. झटके गेले नाहीत, पण बोलता येईल इतपत कमी झाले. ठरलं: आय५-१२४००, डीडीआर४ चा बोर्ड, रॅमची एक स्टिक आणि चांगला एसएमपीएस. कार्ड नंतर.

दोनच शंका. सांगलीहून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जाऊन घेणं परवडेल की ऑनलाईन मागवू? आणि एका ठिकाणी हाच प्रोसेसर 'ट्रे पीस' (खोक्याविना सुटा) म्हणून बराच स्वस्त सांगितलाय, तो घ्यावा का?

प्रतिसाद १

ट्रे पीससोबत कूलर येत नाही आणि वॉरंटी बहुतेक वेळा दुकानदाराच्या शब्दावर असते. बॉक्सवाला घ्या, त्यात इंटेलचा कूलर असतो आणि या प्रोसेसरला तो पुरतो. एवढ्या चार वस्तूंसाठी मुंबईचा प्रवास करू नका. सांगली-कोल्हापुरात जीएसटी बिलावर सीरियल नंबर लिहून देणारा दुकानदार मिळाला तर हजारभर जास्त देऊनही त्याच्याकडूनच घ्या, बोर्ड बिघडला तर दारात जाऊन उभं राहता येतं. नाही मिळाला तर ऑनलाईन, आणि पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढून ठेवा.

नवा बोर्ड आल्यावर विंडोज ११ युईएफआय मोडमध्ये (बायोसच्या नव्या पद्धतीने) कोरं टाका, म्हणजे डिस्क जीपीटी मांडणीची होते आणि सिक्युअर बूट चालू करता येतं. टीपीएमसाठी बायोसमध्ये इंटेल पीटीटी (इंटेलचं अंगचं टीपीएम) चालू लागतं. त्याच बायोसमध्ये इंटिग्रेटेड ग्राफिक्सही चालू ठेवा. कार्ड लावल्यावर बरेच बोर्ड ते आपोआप बंद करतात आणि मग ओबीएसच्या यादीत क्विक सिंक दिसतच नाही.