मदत हवी आहे: सासूबाईंची कोर्लईची बोली कशी जपून ठेवू?

नमस्कार मंडळी. माझ्या सासूबाई कोर्लईच्या, रेवदंड्याच्या खाडीपलीकडच्या. त्यांच्या माहेरी 'नौ लिंग' बोलतात, म्हणजे 'आपली भाषा'. पोर्तुगीज आणि मराठीच्या मिसळणीतून झालेली. पोर्तुगीज १७४० मध्ये चौल सोडून गेले, बोली मात्र गावातल्या ख्रिस्ती घरांत टिकली. आज बोलणारे जेमतेम हजारभर. माझ्या मुलीला आजीचं सगळं कळतं, उत्तर मात्र मराठीतच!

सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, म्हणून घाई. मोबाइलवर त्यांच्या गोष्टी रेकॉर्ड करतेय (निम्म्या पंख्याच्या घरघरीत जातात). लिहून काढताना देवनागरी वापरू की रोमन? नाकातले स्वर कसे दाखवायचे? आणि हे रेकॉर्डिंग नीट सांभाळेल अशी संस्था कुणाला माहीत आहे का?