दीड खोलीतला जवळिकीचा प्रसंग : दाखवायचा किती?

शिवाजीपेठकर

नमस्कार मंडळी. वीसेक मिनिटांचा लघुपट करतोय, पैसे आमचे चौघा मित्रांचेच. गोष्ट पन्नाशीतल्या जोडप्याची. नवरा शिरोलीला फाउंड्रीत मोल्डिंगला, बायको घरी बसून कोल्हापुरी चपलांच्या वेण्या घालते. मुलगी सासरी, मुलगा पुण्याला. पोरं लहान होती तेव्हा मध्ये झोपायची, ती सवय अशी लागली की पोरं गेली तरी दोघांची अंथरुणं दोन भिंतींनाच. एका रात्री ती आपलं अंथरूण सरकवते. इथनं पुढं काय दाखवायचं यावर आमची रोज वादावादी.

एक म्हणतो, दिवा घालव आणि पुढच्या शॉटला सकाळ कर. दुसरा म्हणतो, फेस्टिवलला पाठवायचीय ना, मग बिनधास्त सगळं दाखव. बायकोचं काम करणाऱ्या ताई राज्य नाट्य स्पर्धेत मुरलेल्या. त्यांनी संहिता वाचून एवढंच विचारलं, "'ते जवळ येतात' असं लिहिलंय. म्हणजे नक्की काय करतात?" लोकेशन खरंखुरं घर आहे, दहा बाय बाराची खोली, एका बाजूला पत्रा आणि पत्र्यापलीकडं शेजारी. कुणी असलं काही केलं असेल तर सांगा.

फर्स्ट_डे_फर्स्ट_शो

भावा, पन्नाशीतल्या जोडप्याचं कोण बघणार? पंचविशीतले घे की. नाद खुळा होईल.

बूमवाला

वरच्या साहेबांचं ऐकू नका, त्यांच्या सल्ल्यानं तुमची गोष्टच उडून जाईल.

मी साउंडला असतो. चित्रनगरीत मालिकांची कामं, अधनंमधनं तुमच्यासारख्या पोरांच्या फिल्मा. असला प्रसंग सुरू झाला की सगळे मॉनिटरला चिकटतात, मी हेडफोन लावून खाली बघत बसतो. त्यामुळं माझं मत जरा कानाकडनं आलेलं असणार, ते धरून चला.

तुमच्या दोन्ही मित्रांचा सल्ला एकाच घरचा आहे. दिवा घालवणारा प्रेक्षकाला घाबरतोय, सगळं दाखवणारा ज्युरीसाठी झुरतोय. त्या बाईनं अंथरूण आजच का सरकवलं, हे दोघांनीही विचारलेलं नाही. तिला अंथरूण उचलायचंय की फरशीवरनं ओढायचंय? ओढलं तर आवाज येणार, नवरा जागा असेल तर त्याला कळणार, आणि कळूनही तो डोळे मिटून पडला तर? तुमची जवळीक तिथं सुरू झाली. कपड्यांचा प्रश्न त्यानंतरचा.

'साबर बोंडं' बघितला नसेल तर आधी बघा. रोहन कानवडेंचा, 2025 ला अमेरिकेतल्या सनडान्स फेस्टिवलमध्ये जागतिक कथापटांच्या विभागात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालेला. मुंबईतला आनंद वडील गेल्यावर सुतकाचे दहा दिवस गावी येतो आणि तिथं लहानपणचा मित्र बाळ्या भेटतो. कॅमेरा बराच वेळ एका जागी ठाण मांडून असतो. दोघं नुसते शेजारी बसलेत, तरी मधल्या वीतभर जागेकडं आपलं लक्ष जातं. बाळ्या त्याच्यासाठी साबर बोंडं, म्हणजे निवडुंगाची फळं, घेऊन येतो, यात जेवढं प्रेम आहे तेवढं दहा गाण्यांत मावत नाही. आनंदचं कुणावर मन बसतं हे त्याच्या आईला ठाऊक आहे, आणि ती त्याचा तमाशा करत नाही. मला सगळ्यात धीट वाटली ती ही आई.

'उंबरठा' आठवून बघा, 1982 चा. महिलाश्रमातल्या दोघींचं नातं त्यातही येतं. त्या काळात जब्बार पटेलांनी ते आणलं हेच मोठं. पण गोष्ट आश्रमाची अधीक्षिका सुलभा महाजनची, म्हणून ते आपल्यापर्यंत येतं तिच्यासमोरची एक अडचण होऊन. 'जोगवा' (2009) तर आपल्या मातीतला, राजन गवसांच्या लिखाणावरचा. तायप्पाला लुगडं नेसवून जोगता केलेलं, सुलीला जोगतीण. दोघांच्या देहावर देवीची मालकी सांगितलेली. लुगडं नेसलेल्या माणसातला पुरुष सुलीला दिसतो, त्या नजरेत जी जवळीक आहे ती अंगाला अंग लावून आली नसती.

आता कामाचं. पत्र्याच्या भिंतीला घाबरू नका, ती तुमच्या बाजूची आहे. शेजारचा टीव्ही, कुणाचा तरी खोकला, हे सगळं त्या दोघांना ऐकू येतंय, म्हणजे त्यांचंही पलीकडं ऐकू जाणार. आयुष्यभर ते आवाज दाबतच जगलेत. तेव्हा पार्श्वसंगीत अजिबात घालू नका, तिथं बासरी वाजली की मी उठून जाणार. पण शेजारचे आवाज शूटच्या वेळी नकोत, वेगळे टिपून नंतर बसवा. पंखा बंद ठेवा, त्याचाही आवाज वेगळा घ्या. मूळ खोलीची नुसती शांतता एक मिनिट रेकॉर्ड करून ठेवा. कपड्याला लावायचा लेपल माईक अशा प्रसंगात लपवायला जागा नसते आणि कपडा घासला की खरखर येते, त्यामुळं काठीवरचा बूम माईकच. आणि श्वासांचे आवाज नंतर टिपा : प्रसंग आटोपला, चहा झाला, दोघं खुर्चीवर नेहमीच्या कपड्यांत बसले की. पडद्यावर कुणाला कळत नाही, आणि नटांना खोलीत धापा टाकत बसावं लागत नाही.

तिसरी_घंटा

मी चाळीस वर्षं स्टेजवर आहे, म्हणून ताईंच्या बाजूनं बोलते. त्यांनी विचारलं ते संकोचानं विचारलेलं नाही, कामाचं विचारलंय. मारामारीत कोण कुठल्या हातानं मारणार हे बसवतात ना? मग हेही बसवायचं. त्याचा हात आधी कुठं, किती वेळ, पदर कोण सरकवणार, कुठं थांबायचं, सगळं कागदावर. दोघांनी वाचून हो म्हणायचं, आणि ऐन शूटला नको वाटलं तर नाही म्हणायची मुभा, तोंड वाकडं न करता. मुंबईत आता असले प्रसंग बसवून घ्यायला इंटिमसी कोऑर्डिनेटर असतात. तुमच्या बजेटात बसणार नाहीत, तर ही जबाबदारी एका अनुभवी बाईवर सोपवा, आणि तिनं "कट" म्हटलं की कट. खोलीत मोजकी माणसं, सगळ्यांचे मोबाइल बाहेर पिशवीत. मित्र, मेव्हणे, चहावाला पोरगा, कुणी नको.

खरी धास्ती शूटची नसते रे. धास्ती असते ती बारा सेकंदांच्या क्लिपची. 2016 ला 'पार्च्ड' या हिंदी चित्रपटातला असाच प्रसंग आपल्याकडं प्रदर्शनाआधीच फुटला. त्यात आदिल हुसेनही होता, पण सगळीकडं नाव फिरलं ते एकट्या राधिका आपटेचं. ताईंचा मुलगा, सून, भिशीच्या बायका, सगळ्यांच्या फोनवर ती क्लिप येऊ शकते. तेव्हा फुटेज कुणाच्या हार्ड डिस्कवर राहणार, ट्रेलरमध्ये काय जाणार नाही, पोस्टरवर काय असणार नाही, हे आधी लिहून द्या. एडिट झालं की त्यांना पहिल्यांदा दाखवा.

आणि एक. फाउंड्रीतला माणूस घरी येतो तेव्हा कानामागं, नखांत काळी वाळू असते. हिच्या बोटांना कातड्याचा वास, आणि आरीनं टोचून टोचून कडक झालेली बोटाची टोकं. त्याच्या कानामागची वाळू तिला पदरानं पुसू द्या. बघा मग अजून काय लागतं.

फर्स्ट_डे_फर्स्ट_शो

हे वाळूचं भारी आहे, मानलं. पण सेन्सॉरचं काय? कापतील की.

बूमवाला

यूट्यूबला टाकायला सेन्सॉर सर्टिफिकेट लागत नाही. फेस्टिवलला सूट घेऊन दाखवता येतं. थिएटरला लावायची तर घ्यावं लागेल. पण भरवसा धरू नका, कारण नाटक सेन्सॉरच्या पुढंही असतं. रवी जाधवांचा 'न्यूड' 2017 ला गोव्याच्या इफ्फी फेस्टिवलच्या पॅनोरामा विभागातनं केंद्राच्या माहिती-प्रसारण मंत्रालयानं काढून टाकला, ज्युरीनं निवडलेला असून. पुढं तोच सेन्सॉरनं एकही कट न देता, 'ए', म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं, सर्टिफिकेट देऊन पास केला. तेव्हा कोण काय कापेल हे धरून लिहायला बसू नका.

शिवाजीपेठकर

लई उपकार. काल ताईंबरोबर बसून तो प्रसंग ओळीओळीनं लिहिला, दीड पान झालं. वाळू घेतली. आता दिवा चालूच राहतो, कारण ताई म्हणाल्या की एवढ्या वर्षांनी ती त्याचं तोंड बघणारच. मित्र रुसलाय, येईल ताळ्यावर.

एकच राहिलं. घरमालक विचारतोय कसली फिल्म आहे. काय सांगू?

तिसरी_घंटा

कौटुंबिक आहे म्हणून सांग. आणि संहिता वाचायला दे त्यांना. नाही म्हणाले तर आत्ताच म्हणू देत, लाइट लावून झाल्यावर नको.