अकरावीतला मुलगा विचारतो, "कुणाचं काय अडणार आहे?" काय सांगू त्याला?

गावभागातली आई
नमस्कार. आम्ही सांगलीत गावभागात राहतो. मुलगा सोळा वर्षांचा, अकरावी सायन्सला, नीटचा क्लास लावलाय. परवा शुक्रवारी रात्री मी शेंगा फोडत बसले होते. तो शेजारी येऊन बसला, एक शेंग हातात घेऊन नुसतीच फिरवत राहिला. मग म्हणाला, "आई, मी डॉक्टर झालो काय नि नाही झालो काय, कुणाचं काय अडणार आहे?" माझ्या तोंडून निघून गेलं, "असलं काही बोलू नकोस, जा, अभ्यासाला बस." शेंग न फोडताच ताटात ठेवून तो उठून गेला.

महिना झाला, तबला बंद आहे. मित्र खालून हाका मारतात, तर "नाही म्हणून सांग" म्हणतो. अर्धी भाकरी खाऊन उठतो, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागा असतो. ह्यांचं म्हणणं, वयच तसलं आहे, होईल सरळ. माझा जीव थाऱ्यावर नाही.

मिरजेच्या बाई
ताई, मी नववी-दहावीला शिकवते. तुम्ही उत्तर शोधू नका, आधी त्याचं ऐकून घ्या. या वयात असा प्रश्न पडणं म्हणजे आजार नव्हे. मायकल स्टेगर या मानसशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांबरोबर २००६ मध्ये दहा वाक्यांची एक प्रश्नावली केली. तिच्यात जगण्याचा अर्थ सापडलेला असणं आणि तो शोधत असणं या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजतात. शोधणारं पोर वाया गेलेलं नसतं.

पण झोप, जेवण, मित्र, तबला हे सगळं एकदम सुटलंय, ते वाचून मला काळजी वाटली. दोन आठवड्यांच्या वर असं चाललं तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं, ते नैराश्य असू शकतं. सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी असते, तिथं चौकशी करा. टेली-मानस म्हणून मनाच्या त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन आहे, तिचा नंबर १४४१६. फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात.

आणि त्याला स्पष्ट विचारा, "मरून जावंसं वाटतं का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट पोरांना मोकळं वाटतं. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

तासगावचा पोरगा
काकू, बारावीत माझं हेच झालं होतं. घरात जो येईल तो भाषण द्यायचा, आणि मला आणखी आत गेल्यासारखं वाटायचं. डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या. त्याच सुमारास आजोबांनी बेदाण्याच्या शेडची वही माझ्या हातात दिली. कुठल्या रॅकवर कधी द्राक्षं टाकली, किती क्रेट, कधी झाडायची, सगळं मी लिहायचं. एक दिवस गेलो नाही तर आजोबा शेडवरनं फोन करायचे, "तीन नंबरचा रॅक कधीचा रे?" त्यांना खरंच आठवायचं नाही. माझ्यावाचून कुणाचं तरी अडतंय हे मला तिथं कळलं. पण गोळ्या सोडून नुसतं काम, असं करू नका. मला दोन्ही लागलं.

गावभागातली आई
काल संध्याकाळी आम्ही दोघंच आयर्विन पुलाकडे चालत गेलो. बाईंनी सांगितलं तसं विचारलं. माझाच आवाज कापत होता. तो म्हणाला, "मरावंसं नाही वाटत गं. पण सकाळी उठावंसंही वाटत नाही." मी काही बोलले नाही, त्याचा हात धरून उभी राहिले.

बऱ्याच वेळानं खाली पाण्याकडे बघत तो आपणहून म्हणाला, "आई, पुरात आपण मावशीकडे होतो, तेव्हा मी सगळ्यांच्या आधी उठायचो." खरं आहे ते. २०१९ च्या पुरात तो दहा वर्षांचा होता. विश्रामबागेत मावशीच्या घरी आम्ही बायका चपात्या लाटायचो आणि हा दहा-दहाच्या चवडी मोजून कागदात बांधायचा. एकही चवड कमी भरली नाही, हे त्याला अजून आठवतंय. मी पार विसरले होते.

गुरुवारी ओपीडीला जातोय. हेही येतो म्हणालेत. क्लासच्या सरांना आठवडाभर येणार नाही म्हणून कळवलंय.