शब्दचर्चा: उपनगर ‘इनकॉर्पोरेट’ होतं म्हणजे मराठीत नक्की काय होतं?

भाषांतरहमाल:

मंडळी, एका शब्दापाशी गाडी अडलीये. अमेरिकेत लुइझियानामध्ये सेंट जॉर्ज नावाचं नवं शहर झालंय, त्यावरचा एक लेख मराठीत करतोय. थोडक्यात प्रकरण असं की बॅटन रूज शहराला लागून जो आग्नेयेकडचा पट्टा आहे तो कुठल्याच शहराच्या हद्दीत नव्हता, नुसता ईस्ट बॅटन रूज पॅरिशमध्ये होता (पॅरिश म्हणजे तिकडची काउंटी, चर्चचा संबंध आता नावापुरताच). लोकांना आधी शाळांचा कारभार वेगळा हवा होता, ते विधिमंडळात अडकलं, मग म्हणाले चला शहरच करू. २०१५ मध्ये सह्यांचा अर्ज ७१ सह्या कमी पडल्या म्हणून बाद, परत सगळ्या सह्या गोळा केल्या, ऑक्टोबर २०१९ ला मतदान, ५४ टक्के लोक हो म्हणाले, मग कोर्टबाजी, खालच्या दोन कोर्टांत हरले आणि एप्रिल २०२४ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टात ४ विरुद्ध ३ असे जिंकले.

तर या सगळ्या उपद्व्यापाला इंग्रजीत क्रियापद एकच, इनकॉर्पोरेट. आणि आधीच्या अवस्थेला अनइनकॉर्पोरेटेड. कोश उघडला तर पहिला अर्थ ‘समाविष्ट करणे’, दुसरा ‘अंतर्भूत करणे’, मग कुठेतरी ‘निगमित करणे’. आता ‘सेंट जॉर्जच्या रहिवाशांना समाविष्ट व्हायचंय’ असं छापलं तर वाचणारा काय समजेल सांगा. सुचवा काहीतरी, पण लोक बोलतात त्यातलं सुचवा, परिभाषा कोशातलं नको.

मानपाडा रोड:

अहो समाविष्ट अजिबात नको, अर्थ बरोब्बर उलटा होईल! आमच्याकडे कल्याण-डोंबिवलीत कोणालाही विचारा, समाविष्ट म्हणजे महापालिकेने गाव आत घेतलं. २७ गावांचं प्रकरण माहीत असेलच. १९८३ ला महापालिकेत समाविष्ट, २००२ ला वगळली, २०१५ ला पुन्हा समाविष्ट, २०२० ला त्यातली दावडी, निळजे, हेदुटणे वगैरे १८ गावं काढून वेगळी नगरपरिषद करायचं सरकारने ठरवलं आणि भोपर, सागाव, आजदे धरून ९ आतच ठेवली, तर डिसेंबरात हायकोर्टाने तो निर्णय रद्द केला. इतक्या वेळा आतबाहेर झालंय की ‘सत्तावीस गाव’ हा आता आकडा राहिलेलाच नाही, विशेषनाम झालंय, लोक सरळ ‘मी सत्तावीस गावात राहतो’ म्हणतात, एकवचनात.

मुद्दा असा की इतक्या वर्षांत संघर्ष समितीच्या बॅनरवर मी एकच मागणी वाचत आलोय, ‘स्वतंत्र नगरपालिका’. तुमच्या लेखाला हेच चालेल की. ‘सेंट जॉर्जला स्वतंत्र नगरपालिका हवी होती.’ संपला विषय.

संत्रानगरी:

निगमित घेऊ नका, मराठीत ते चालत नाही. हिंदीत नगर निगम म्हणतात पण आपण महानगरपालिका म्हणतो. एलआयसीचंच बघा ना, हिंदीत जीवन बीमा निगम, मराठीत आयुर्विमा महामंडळ. निगम म्हटलं की आम्हा नागपूरवाल्यांना हिंदी बोर्ड आठवतो. शिवाय निम्मे लोक ‘नियमित’ वाचतील आणि म्हणतील हे शहर आधी अनधिकृत होतं का, आता दंड भरून नियमित केलं का.

चट्टाहूचीकाठ:

मी जॉर्जिया राज्यात अटलांटाच्या उत्तरेला जॉन्स क्रीकमध्ये राहते, इथे हा खेळ वीस वर्षं चाललाय म्हणून लिहिते. ‘स्वतंत्र नगरपालिका’ बरं आहे पण त्यात ‘स्वतंत्र’मुळे असं वाटतं की आधी दुसऱ्या कुठल्यातरी नगरपालिकेत होते. आम्ही नव्हतो. २००६ च्या आधी जॉन्स क्रीक हे शहर नव्हतंच, पत्त्यात कोणी अल्फारेटा लिहायचं कोणी डलुथ, जिथलं पोस्ट ऑफिस तिथलं नाव, आणि त्या दोन्ही शहरांच्या महापौराशी तुमचा काडीचा संबंध नाही. रस्ता, पोलीस, बांधकाम परवानगी सगळं फुल्टन काउंटीकडे. म्हणजे आपल्याकडे जसं ग्रामपंचायत तरी असते खाली, तसं इथे काहीच नाही, थेट जिल्हा परिषदेने घरासमोरचा खड्डा बुजवायचा. अनइनकॉर्पोरेटेड म्हणजे हे, आणि याला मराठी शब्द नाही कारण आपल्याकडे असली जमीनच नाही (कॅन्टोन्मेंट वगैरे सोडा).

सुरुवात आमच्या शेजारच्या सँडी स्प्रिंग्जने केली. १९६६ ला अटलांटाने त्यांना आत घ्यायचा प्रयत्न केला तो लोकांनी मतदानात हाणून पाडला, मग १९७५ पासून इव्हा गॅलाम्बोस या बाई वेगळ्या शहरासाठी मागे लागल्या, राज्याच्या विधिमंडळात बिलच पुढे सरकू देईनात. २००४ च्या निवडणुकीनंतर सत्ता बदलली आणि मगच ते पास झालं. जून २००५ ला मतदान, ९४ टक्के हो, आणि पहिल्या महापौर त्याच बाई. तक्रार तीच, आमचा टॅक्स काउंटी घेते आणि खर्च दुसरीकडे करते, आणि शिवाय आमच्याकडे अपार्टमेंटला वाटेल तशा परवानग्या देते. त्यानंतर रांगच लागली, जॉन्स क्रीक, मिल्टन, डनवुडी, ब्रुकहेवन. सगळीकडे झालंच असंही नाही, २०२२ च्या मे मध्ये ईस्ट कॉबमध्ये लोकांनी साफ नाही म्हटलं.

इथे बोलताना सगळे ‘सिटीहुड’ म्हणतात. आमच्या मंडळातले काका ‘शहर झालं’ एवढंच म्हणतात. ‘आपलं जॉन्स क्रीक शहर झालं तेव्हा.’ मला तेच आवडतं.

भाषांतरहमाल:

@चट्टाहूचीकाठ, ‘शहर झालं’ कानाला झकास आहे पण लेखात घोळ होतो. ‘पनवेलचं शहर झालं’ म्हणजे आपल्याकडे टॉवर आले, मॉल आले, ट्रॅफिक आलं. कायद्याने काही झालं असा अर्थ निघत नाही. मी ‘सनद’ वापरायच्या विचारात होतो, कारण तिकडे शहराला चार्टर असतो. ‘सेंट जॉर्जला शहराची सनद मिळाली.’ कसं वाटतं?

संत्रानगरी:

छान आहे, फक्त सनदी शहर लिहू नका. सनदी अधिकारी आणि सनदी लेखापाल यांची कॉलनी वाटेल.

पेठेतला पुणेरी:

मला एक कळत नाही, साधा सरळ ‘वेगळी चूल मांडली’ हा वाक्प्रचार असताना एवढी डोकेफोड कशाला. पेपरात हेडिंगला कायम येतो. ‘सेंट जॉर्जची वेगळी चूल.’

फुरसुंगीची सून:

पुणेरीकाका, हेडिंग वाचून तुम्हाला मजा वाटते पण ज्यांची चूल असते त्यांना त्यात टोमणा ऐकू येतो. वेगळी चूल मांडणारी सून कायम वाईटच ना! आमचंच बघा. फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०१७ ला पुणे महापालिकेत घेतली, शहराचा कचरा तर त्याच्या कितीतरी आधीपासून आमच्याकडे येत होताच. लोकांचं म्हणणं होतं घरपट्टी शहराची आणि पाणी टँकरचं, मग आम्हाला बाहेर काढा, आणि २०२४ ला दोन गावं मिळून वेगळी नगरपरिषद झाली. याला आमच्याकडे कोणी चूल म्हटलं नाही. ‘बाहेर पडलो’ म्हणतात. किंवा ‘सुटलो’, कोणाला विचारता त्यावर आहे, कारण गावात असेही आहेत जे म्हणतात पुण्यात होतो तेच बरं होतं, फ्लॅटची किंमत सांगताना पुणे महापालिका हद्द म्हणता यायचं.

मानपाडा रोड:

सूनबाई म्हणतात ते बरोबर आहे पण ‘बाहेर पडलो’ सेंट जॉर्जला लागू नाही ना, ते आत कुठे होते. आणि ‘बॅटन रूजमधून फुटून निघाले’ असंही काहीजण लिहितात ते तर चूकच.

चट्टाहूचीकाठ:

एकदम बरोबर. फुटून निघणं बघायचं असेल तर बकहेड बघा. ते १९५२ पासून अटलांटाच्या आत आहे, शहरातला सगळ्यात पैसेवाला भाग, त्यांना गुन्हेगारीच्या मुद्द्यावर बाहेर पडून स्वतःचं शहर करायचं होतं. मार्च २०२३ ला राज्याच्या सिनेटमध्ये बिल ३३ विरुद्ध २७ ने पडलं, त्यामुळे लोकांच्या मतदानापर्यंत गोष्ट गेलीच नाही. त्या प्रकाराला फुटणं म्हणा, विभाजन म्हणा, वेगळी चूल म्हणा, सगळं चालेल. सँडी स्प्रिंग्ज, जॉन्स क्रीक, सेंट जॉर्ज हे वेगळे, तिथे आधी कुठलंच शहर नव्हतं.

अर्थात सेंट जॉर्जवाले तांत्रिकदृष्ट्या बाहेर असले तरी तिथे शहर आणि पॅरिशचा कारभार १९४० च्या दशकापासून एकत्र आहे, त्यामुळे पैशाच्या हिशोबाने ते आतच होते, त्यांच्या सेल्स टॅक्सवरही बॅटन रूज चालत होतं. म्हणून तर शहराच्या महापौरबाई कोर्टात गेल्या. आणि नवीन शहरात बहुसंख्य गोरे, उरलेल्या शहरात बहुसंख्य काळे, हेही भांडणात पहिल्यापासून आहे. मतदान फक्त सेंट जॉर्जच्या हद्दीतल्या लोकांनी केलं, बाकीच्यांना विचारलंच नाही. तेव्हा ‘वेगळी चूल’ मधला टोमणा बॅटन रूजवाल्यांच्या तोंडी शोभतो, तुमच्या लेखात त्यांचं कोणी बोलत असेल तर तिथे वापरा.

कलम तीनशे साठ:

कोर्टात अर्ज टाइप करून हयात गेली म्हणून दोन पैसे माझेही. आपल्या कायद्यात आणि अधिसूचनेत भाषा अशी असते: क्षेत्र ‘वगळण्यात येत आहे’, ‘समाविष्ट करण्यात येत आहे’, नगरपरिषद ‘गठित’ किंवा ‘स्थापन करण्यात येत आहे’. सगळं कर्मणी. कारण करणारं सरकार, गावाने फक्त हरकती आणि सूचना द्यायच्या. ग्रामसभेने शंभर ठराव केले तरी मतदान काही होत नाही. त्यामुळे इनकॉर्पोरेट होणेसाठी कर्तरी क्रियापद शोधाल तर सरकारी मराठीत सापडायचं नाही. माझा सल्ला, ‘नगरपालिका स्थापन केली’ लिहा आणि कर्ता म्हणून रहिवासी घाला. ‘रहिवाशांनी मतदान करून स्वतःची नगरपालिका स्थापन केली.’ वाक्य लांबतं पण खोटं होत नाही.

चट्टाहूचीकाठ:

काका, पूर्ण कर्तरी इथेही नाही हो. जॉर्जियात आधी विधिमंडळाने चार्टरचं बिल पास केलं पाहिजे, तरच लोकांना मतदान. लुइझियानात सह्यांच्या अर्जाने सुरुवात होते, तिथे लोकांच्या हातात जास्त आहे. म्हणून ‘करून घेतली’ कसं वाटतं? ‘सेंट जॉर्जच्या लोकांनी स्वतःची नगरपालिका करून घेतली.’ पाठपुरावाही त्यात आला आणि वरच्याची सहीही आली.

भाषांतरहमाल:

‘करून घेतली’ घेतोय, लेखाच्या मधल्या भागाला मस्त बसतंय. अनइनकॉर्पोरेटेडला सध्या ‘कुठल्याही शहराच्या हद्दीत नसलेला भाग’ असं पहिल्यांदा लिहितो आणि पुढे नुसतं ‘हद्दीबाहेरचा भाग’. अॅनेक्सेशनला हद्दवाढ आहेच.

आता अजून एक, सबर्बला उपनगर लिहायचं का? मुंबईचा माणूस म्हणेल अंधेरी उपनगर आहे आणि महापालिकेतच आहे, जिल्हासुद्धा मुंबई उपनगर.

पेठेतला पुणेरी:

उपनगरच लिहा. हद्दीचं पहिल्या परिच्छेदात सांगितलंत की झालं, वाचक इतका बावळट नसतो.

कलम तीनशे साठ:

आणि मेयरला महापौर लिहू नका. सेंट जॉर्जची लोकसंख्या साधारण ८६ हजार, आपल्या हिशोबाने ती ‘ब’ वर्ग नगरपरिषद झाली, महानगरपालिकेला ३ लाख लागतात. तेव्हा नगराध्यक्ष.

मानपाडा रोड:

हे पटलं नाही. तिकडे दोन हजार वस्तीच्या गावालाही मेयर असतो, मग त्याला सरपंच म्हणणार का?

भाषांतरहमाल:

सेंट जॉर्जचे नगराध्यक्ष, बॅटन रूजच्या महापौर, असं करतो, दोघांत फरकही कळेल. पण बॅटन रूजच्या बाईंचं अधिकृत पद ‘मेयर-प्रेसिडेंट’ होतं, शहर आणि पॅरिश दोन्हींच्या प्रमुख म्हणून. महापौर-अध्यक्षा लिहिलं तर संपादक फोन करणारच. कोणाकडे काही आहे का यावर, लेख परवा द्यायचाय.