मदत हवी आहे: पंपिंग लेमाच्या सगळ्या पायऱ्या लिहूनही शून्य गुण

अडला हरी
परवा सकाळी टीओसीची (थिअरी ऑफ कम्प्युटेशन, संगणनाचा सिद्धांत) इनसेम (सत्रामधली) परीक्षा आहे आणि मी दोन दिवस एकाच प्रश्नावर अडून बसलो आहे. क्लासच्या सराव परीक्षेत समान संख्येच्या भाषेचा (इथे भाषा म्हणजे अक्षरांच्या माळांचा संच) प्रश्न आला होता. तो मी पंपिंग लेमाने (भाषा रेग्युलर, म्हणजे मर्यादित स्मृतीच्या यंत्राला ओळखता येणारी, नाही हे दाखवायच्या नियमाने) सोडवला, सगळ्या पायऱ्या लिहिल्या, शेवटी विरोधाभासही दाखवला, आणि तरी पाचपैकी शून्य गुण मिळाले. सरांनी समासात फक्त एक लाल प्रश्नचिन्ह काढले आहे. निदान पायऱ्यांचे गुण तरी मिळायला हवे होते की नाही? कृपया नेमके कारण सांगा. व्हिडिओचे दुवे देऊ नका, तेवढा वेळ हातात नाही.

फळा-खडू
समान संख्या कशाची? प्रश्नाचे शब्द जसेच्या तसे लिहा, कोणती स्ट्रिंग (अक्षरांची माळ) निवडली ते लिहा आणि तिचे तुकडे कसे पाडले तेही लिहा. समासातल्या प्रश्नचिन्हावरून निदान करता येत नाही. विद्यापीठ कोणते ते कळले तर आणखी बरे.

जुना बॅकलॉगवाला
हा विषय मी तीनदा दिला आहे, त्यामुळे हा प्रश्न मला झोपेतही सोडवता येतो. लेमा म्हणतो की भाषा रेग्युलर असेल तर तिच्यातल्या ठरावीक लांबीच्या किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक स्ट्रिंगचे असे तीन तुकडे पाडता येतात की मधला कितीही वेळा लिहिला तरी स्ट्रिंग भाषेतच राहते. ती लेमाने दिलेली लांबी प धरा आणि प वेळा अ, त्यापुढे प वेळा ब अशी स्ट्रिंग घ्या. पहिल्या दोन तुकड्यांची मिळून लांबी प पेक्षा जास्त असू शकत नाही, म्हणून मधल्या तुकड्यात अ सोडून दुसरे काही येऊच शकत नाही. तो तुकडा दोनदा लिहिला की अ वाढतात, ब तेवढेच राहतात आणि स्ट्रिंग भाषेबाहेर पडते. चार ओळींत पाच गुण मिळतात. तुम्ही बहुधा 'प' म्हणून पाच किंवा सहा असा ठरावीक आकडा घेतला असणार.

अडला हरी
एवढे मला येते हो, त्यासाठी मी धागा काढला नसता. भाषा अशी आहे: अ आणि ब या दोनच अक्षरांच्या ज्या स्ट्रिंगमध्ये 'अब' ही जोडी जितक्या वेळा येते तितक्याच वेळा 'बअ' ही जोडीही येते, अशा सर्व स्ट्रिंग. मी 'अब' प वेळा आणि त्यापुढे 'बअ' प वेळा अशी स्ट्रिंग घेतली. मधला तुकडा म्हणून सुरुवातीचा 'अब' निवडला आणि तो दोनदा लिहिला. आता 'अब' प अधिक एक वेळा झाले आणि 'बअ' मात्र प वेळाच राहिले, म्हणजे विरोधाभास आला. विद्यापीठ पुणे, २०१९ चा पॅटर्न, तिसरे वर्ष; पण त्याचा इथे काय संबंध?

जुना बॅकलॉगवाला
हे पहिल्याच प्रतिसादात लिहिले असते तर माझी दहा मिनिटे वाचली असती. समान संख्येची भाषा म्हटल्यावर कोणीही अ आणि ब यांचीच संख्या समजेल.

रँकची वाट
गेटच्या (एमटेक प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या) दृष्टीने सांगतो. तिथे पूर्ण सिद्धता लिहावी लागत नाही, बहुतेक ठिकाणी पर्याय निवडायचा असतो आणि एकच पर्याय बरोबर असलेल्या एका गुणाच्या प्रश्नाचे उत्तर चुकले तर एक तृतीयांश गुण कापला जातो. त्यामुळे लेमा पाठ करण्यापेक्षा भाषा पाहताक्षणी ती रेग्युलर आहे की नाही हे ओळखण्याची सवय लावावी. मी रोज वीस प्रश्न सोडवतो.

अडला हरी
माझी परीक्षा गेटची नाही, ३० गुणांची इनसेम आहे.

मायहिलपंथी
पंपिंग लेमा हे बोथट हत्यार आहे, असे मी या विषयाच्या प्रत्येक धाग्यावर लिहितो आणि दरवेळी दुर्लक्षित राहतो. लेमा एकाच दिशेने चालतो: भाषा रेग्युलर असेल तर ती लेमा पाळते, पण लेमा पाळते म्हणून ती रेग्युलर आहे असे ठरत नाही. त्याऐवजी मायहिल-नेरोड प्रमेय वापरावे. मायहिल यांचे काम १९५७ चे आणि अनिल नेरोड यांचे १९५८ चे, आणि ते दोन्ही दिशांनी चालते. ज्या दोन स्ट्रिंगच्या मागे काहीही जोडले तरी दोन्ही भाषेत राहतात किंवा दोन्ही बाहेर जातात, त्यांना एका वर्गात टाकायचे. असे वर्ग अनंत निघाले तर भाषा रेग्युलर नाही. इथे जोड्या मोजायच्या असल्यामुळे वर्ग अनंतच निघतील, तेव्हा प्रश्न संपला.

कोथिंबीरवडी
अनिल नेरोड हे मराठी आहेत का? नावावरून विचारते.

फळा-खडू
ते कॉर्नेल विद्यापीठातले अमेरिकी गणितज्ञ आहेत; पुढची चौकशी वेगळ्या धाग्यावर करावी. मायहिलपंथी, वर्ग अनंत निघतील हे तुम्ही गृहीत धरले आहे. कृपया मोजून दाखवा.

आता हरी, तुमच्याकडे वळते. तुमच्या उत्तरात दोन चुका आहेत आणि दोन्ही मुळातल्या आहेत, म्हणून पायऱ्यांना गुण मिळाले नाहीत. पहिली चूक मोजण्यातली आहे. प च्या जागी दोन घेऊन तुमची स्ट्रिंग कागदावर लिहा: अबअबबअबअ. आता डावीकडून एकेक अक्षर सरकत शेजारच्या जोड्या वाचा: अब, बअ, अब, बब, बअ, अब, बअ. म्हणजे 'अब' तीनदा आणि 'बअ' तीनदा. तुम्ही 'अब' दोनदा आणि 'बअ' दोनदा असे धरले होते, कारण ठोकळ्यांच्या सांध्यावर तयार होणाऱ्या जोड्या तुमच्या नजरेतून सुटल्या. आता सुरुवातीला आणखी एक 'अब' जोडा: अबअबअबबअबअ. पुन्हा मोजा, 'अब' चारदा येते आणि 'बअ' सुद्धा चारदाच येते. विरोधाभास आलेलाच नाही.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. लेमा हा दोघांचा खेळ समजा: स्ट्रिंग तुम्ही निवडायची असते, पण तिचे तुकडे प्रतिस्पर्ध्याने पाडायचे असतात. पहिल्या दोन तुकड्यांची लांबी प च्या आत आणि मधला तुकडा रिकामा नाही, एवढे पाळून तो हवे तसे तुकडे पाडेल, आणि तुम्हाला प्रत्येक प्रकारात स्ट्रिंग भाषेबाहेर काढून दाखवावी लागेल. तुम्ही स्वतःला सोयीचा एक तुकडा उचललात आणि स्वतःशीच जिंकलात.

अडला हरी
ठीक आहे, मग दुसरी कोणती स्ट्रिंग घेऊ ते सांगा. उत्तर लिहून दिलेत तर फार बरे होईल.

फळा-खडू
कोणतीही घेतली तरी जमणार नाही. प्रश्नाचे शब्द मी पहिल्याच प्रतिसादात मागितले होते. 'रेग्युलर नाही हे सिद्ध करा' असे लिहिले होते, की आणखी काही?

अडला हरी
आत्ता प्रश्नपत्रिका काढून पाहिली. 'खालील भाषा रेग्युलर आहे की नाही ते ठरवा आणि उत्तर सिद्ध करा' असे आहे. दोन जोड्यांची संख्या मोजून तुलना करायची आहे आणि डीएफएला (ठरावीकच स्टेट, म्हणजे अवस्था, असलेल्या यंत्राला) मोजता येत नाही, म्हणून ती रेग्युलर नाही हे उघडच होते.

फळा-खडू
उघड वाटले तेच चुकले. ही भाषा रेग्युलर आहे.

मायहिलपंथी
मी आता कागदावर वर्ग पाडून पाहिले. रिकामी स्ट्रिंग हा एक वर्ग, आणि पहिले अक्षर कोणते व शेवटचे कोणते यावरून आणखी चार. एकूण पाचच निघाले. माझे वरचे विधान मी मागे घेतो, परंतु हे उत्तर मायहिल-नेरोडनेच मिळाले, पंपिंग लेमाने कधीच मिळाले नसते, हेही नोंदवतो.

जुना बॅकलॉगवाला
तुमच्या प्रमेयाने आधी चुकीचे उत्तरही तुम्हीच दिले होते. शिवाय परीक्षेत 'पंपिंग लेमा वापरून सिद्ध करा' असे स्पष्ट लिहिलेले असले, तर मायहिल यांचे नाव लिहून काय पदरात पडणार?

मायहिलपंथी
चूक माझी होती, प्रमेयाची नाही. आणि या प्रश्नात लेमा वापरा असे लिहिलेले नाही.

अडला हरी
तुमचे भांडण नंतर चालू द्या. मोजल्याशिवाय दोन संख्या समान आहेत हे यंत्राला कळेल कसे, हे मला अजूनही पटलेले नाही.

लकडी पूल
पुण्याचे आहात तर पुलावर चला. अ म्हणजे डेक्कन आणि ब म्हणजे अलका चौक समजा, आणि जाण्यायेण्याला लकडी पूल हा एकच रस्ता आहे असे धरा. 'अब' म्हणजे डेक्कनहून अलका चौकात जाणे, 'बअ' म्हणजे परत येणे, 'अअ' किंवा 'बब' म्हणजे आहात तिथेच रेंगाळणे. मधे एकदा परत आल्याशिवाय तुम्हाला दुसऱ्यांदा अलका चौकात जाताच येणार नाही. म्हणजे जाणे आणि येणे यांच्या संख्येत एकापेक्षा जास्त फरक कधी पडूच शकत नाही. फेऱ्या समान आहेत की नाहीत हे सांगायला मोजदाद लागत नाही. सकाळी जिथून निघालात तिथेच रात्री आहात का, एवढे पाहिले की पुरते.

फळा-खडू
अगदी बरोबर. स्ट्रिंगचे पहिले आणि शेवटचे अक्षर एकच असेल तर ती भाषेत आहे, नसेल तर नाही. डीएफएला फक्त पहिले अक्षर आणि आत्ताचे अक्षर लक्षात ठेवायचे आहे, त्यासाठी सुरुवातीची धरून पाच स्टेट पुरतात. तुमचा लेमा इथे का हरतो तेही पाहा: लांबी तीन किंवा जास्त असलेल्या कोणत्याही स्ट्रिंगमध्ये प्रतिस्पर्धी दुसरे अक्षर मधला तुकडा म्हणून उचलेल. ते गाळा किंवा शंभर वेळा लिहा, पहिल्या आणि शेवटच्या अक्षराला धक्काच लागत नाही, म्हणून स्ट्रिंग भाषेतच राहते.

माउसवाला
जेफ्लॅप नावाची मोफत प्रणाली उतरवून घ्या. ड्यूक विद्यापीठात सुझन रॉजर यांच्या देखरेखीखाली ती तयार झाली आणि तिच्यात पंपिंग लेमा खेळासारखा खेळता येतो. संगणक प्रतिस्पर्धी होतो आणि तुकडे तोच पाडतो. डीएफए काढून त्यावर स्ट्रिंगही चालवता येते.

अडला हरी
परीक्षेनंतर उतरवून घेईन. कागदावर पाच स्टेट काढल्या आहेत. दोन अक्षरे सारखी असलेल्या दोन स्टेटना दुहेरी वर्तुळ (स्वीकाराची खूण) दिले आहे आणि रेग्युलर एक्स्प्रेशन (भाषेचे सूत्र; + म्हणजे किंवा, * म्हणजे कितीही वेळा) 'अ(अ+ब)*अ + ब(अ+ब)*ब' असे लिहिले आहे. बरोबर आहे ना?

रिकामी स्ट्रिंग
नाही. रिकाम्या स्ट्रिंगमध्ये दोन्ही जोड्या शून्य वेळा येतात आणि शून्य बरोबर शून्य, म्हणून ती भाषेत आहे. सुरुवातीच्या स्टेटलाही दुहेरी वर्तुळ हवे. तुमच्या एक्स्प्रेशनमधली सर्वांत लहान स्ट्रिंग दोन अक्षरांची आहे, त्यामुळे नुसता अ आणि नुसता ब हेही राहून गेले. दोन्ही अक्षरे आणि एप्सिलॉन (रिकाम्या स्ट्रिंगचे चिन्ह) स्वतंत्रपणे मिळवा. नेमके हेच मी गेल्या वर्षी विसरलो होतो, तेव्हापासून हे नाव घेतले आहे.

अडला हरी
तिन्ही मिळवले आणि वर्तुळही काढले. शेवटची शंका. परीक्षकांनी क हे तिसरे अक्षर दिले आणि भाषेची व्याख्या तीच ठेवली, तर हेच उत्तर लिहायचे का?

लकडी पूल
मुळीच नाही. क म्हणजे शिवाजीनगर समजा. आता डेक्कनहून लकडी पुलाने अलका चौकात जा, तिथून शनिवारवाड्यावरून शिवाजी पुलाने शिवाजीनगरला या आणि तसेच डेक्कनला परत या. प्रत्येक फेरीत 'अब' एकने वाढते आणि 'बअ' एकदाही येत नाही, म्हणून फरक हवा तेवढा वाढू शकतो.

मायहिलपंथी
इथे मात्र वर्ग खरोखरच अनंत आहेत, आणि या वेळी मी तपासून लिहितो आहे. 'अबक' कितीही वेळा लिहा, प्रत्येक आकड्याचा वर्ग वेगळा निघतो. 'अबक' तीनदा लिहिल्यावर त्यामागे 'बअक' तीनदा जोडले तर स्ट्रिंग भाषेत येते. 'अबक' चारदा असताना तेच जोडले तर येत नाही. तीन आणि चारच्या जागी कोणत्याही दोन वेगळ्या संख्या घ्या. म्हणजे तीन अक्षरांची ही भाषा रेग्युलर नाही.

जुना बॅकलॉगवाला
हे मान्य आहे. पण प्रश्नात लेमाच मागितला असेल, तर स्ट्रिंग हीच घ्यावी लागेल, 'अबक' प वेळा आणि 'बअक' प वेळा, आणि मग मधला तुकडा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो यावरून किती प्रकार पडतात ते बसून मोजावे लागेल.

अडला हरी
मोजायला घेतले आहेत. या वेळी सांधेही मोजतो आहे.