जयपुरी रजईचं जॅकेट घरी धुवायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत जयपूरला गेलो होतो, तिथून रजईसारखं शिवलेलं सुती जॅकेट आणलं. उलटसुलट घालता येतं. एका बाजूला गडद निळीवर पांढरे बुट्टे, दुसरी बाजू पांढरी, तिच्यावर लाल वेल. वरून हाताचा धावदोरा आहे, पण दोन ओळींत चांगलं तीन बोटं अंतर.

परवा एका साखरपुड्यात पांढऱ्या बाजूवर आमटी सांडली. घरी येऊन अंगाच्या साबणाने घासलं, तर पिवळा डाग लालभडक झाला! तेव्हापासून हात लावलेला नाही.

ड्रायक्लीनला द्यायची हिंमत नाही. मागे असंच एक जॅकेट दिलं होतं. परत आलं तेव्हा सगळा कापूस खाली लोंबत होता आणि खांद्याला नुसतं कापड.

आई म्हणते, "गोधडी धुतो तसं धू, त्यात काय एवढं!" सासूबाई म्हणतात, रजई धुवायची नसते, तिला ऊन दाखवायचं असतं. कोणाचं ऐकू?

प्रतिसाद:

धावदोरा: अगं, दोघीही बरोबर आहेत, फक्त वेगवेगळ्या वस्तूंबद्दल बोलतायत. गोधडीत जुन्या लुगड्यांचे थर असतात, आत सुटं काही नसतं, म्हणून ती नदीवर आपटून धुतली तरी चालते. रजईत पिंजलेला कापूस. तो ओला होऊन चोळला गेला की तंतू एकमेकांत गुंततात आणि गोळे होतात. म्हणून तर रजईचा अभ्रा धुवायचा आणि कापूस दबला की पिंजाऱ्याला हाक मारायची. तुझं जॅकेट म्हणजे बिनअभ्र्याची रजई, त्यात टाकेही लांब लांब.

पण आत कापूसच आहे ना, ते आधी बघ. हल्ली पुष्कळदा पॉलिस्टर असतं. शिवणीतून चिमूटभर काढ, चिमट्यात धरून काडी लाव (मोरीत!). कागद जळल्याचा वास आणि मऊ राख आली तर कापूस. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर, मग जाळीच्या पिशवीत घालून मशीनला लावलं तरी बिघडत नाही.

रिकामटेकडी: डागाचं टेन्शन घेऊ नका. हळद साबणातल्या क्षाराने लाल होते, साबण निघाला की परत पिवळी. आणि हळदीचा रंग उन्हात उडतो. धुतल्यावर पांढरी बाजू वर करून उन्हात टाका. निळी बाजू मात्र उन्हाला दाखवू नका, तीही फिकी होईल.

अण्णा: मूठभर मीठ टाका, रंग पक्का होतो.

धावदोरा: अण्णा, रंगवून झालेल्या कापडाचा रंग मिठाने पक्का होत नाही हो. पांढरा रुमाल ओला करून निळ्या बाजूवर घासा, किती रंग सुटतो ते कळेल. नीळ (इंडिगो) असेल तर थोडी सुटणारच, म्हणून भिजत ठेवायचं नाही.

टबात गार पाणी, लिक्विड साबण चमचाभरच. पावडर कापसात अडकून बसते. पाच-दहा मिनिटं नुसतं दाबत राहायचं, मग लगेच दोन-तीन पाण्यांतून काढायचं. पिळायचं नाही. उचलताना दोन्ही हात खाली घालून, तान्ह्या बाळासारखं. टर्किश टॉवेलात गुंडाळून वरून दाब. वाळवायचं आडवंच, हँगरला अडकवलंस की पाण्याच्या वजनाने कापूस खाली उतरलाच म्हणून समज. अर्धवट ओलं असतानाच गोळे चिमटीने फोडायचे.

प्रश्नकर्ती: कापूसच निघाला. काडी लावताना नवरा पाण्याची बादली घेऊन उभा होता, ते असो. वरून कोरडं वाटायला एक दिवस लागला, पण गालाला लावलं तर आत गार लागायचं, म्हणून तीन दिवस खाटेवरच ठेवलं. डाग आता फक्त मलाच दिसतो. खालच्या काठाला सुपारीएवढा एक गोळा राहिलाय, सुकल्यावर फुटत नाहीये. उसवू का?

धावदोरा: आधी पाण्याचा हबका मारून ओढून बघ. नाहीच सुटला तर दोन बोटं शिवण उसव, सुईच्या टोकाने कापूस मोकळा कर आणि परत टाके घाल.